सहा पॉइंट तीन

तपासनीस साहेबांना आमचा वर्ग बंद करायला अकरा मिनिटं लागली. मी मोजली, कारण त्या दिवशी वर्गात बसायची पाळी माझी होती.

वर्ग कमी ऐकणाऱ्या मुलांचा. बारा मुलं, बारा बाकं, प्रत्येक बाकाला एक हेडफोन आणि आवाज कमी-जास्त करायचं बटण. बाई माइकमध्ये बोलतात, तो आवाज भिंतीजवळच्या मोठ्या खोक्यात जातो, तिथे काचेच्या नळ्यांसारखे पाच व्हॉल्व्ह तो वाढवून बाराही बाकांना पोचवतात. रोज एका मुलाच्या आईने यायचं, हेडफोनच्या गाद्या पुसायच्या, गुंतलेल्या तारा सोडवायच्या आणि मागे गप्प बसायचं, असा शाळेचा शिरस्ता. गाद्या मी चांगल्या पुसते. गप्प बसणं मला जमत नाही.

माझी मुलगी तिसऱ्या बाकावर. सात वर्षांची. घरात तिला भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी स्थिर बसली की आम्ही तिचं कपाळ चाचपून बघतो, ताप तर नाही ना. तिचं ऐकणं इतकं कमी की खिशातल्या लहान यंत्राने भागत नाही. त्या खोक्याने भागतं. दीड वर्षात त्या खोक्यामुळे ती एकसष्ट शब्द शिकली. त्यातला एक ‘नको’ आहे आणि तो ती दिवसातून शंभर वेळा वापरते. मला तो शंभरही वेळा गोड लागतो.

तर साहेब आले. पाठीमागे संस्थेचे अध्यक्ष, त्यांच्या पाठीमागे शाळेच्या मोठ्या बाई. साहेबांनी खोक्याचं झाकण काढलं, एक व्हॉल्व्ह जागेवर ठेवला, बाकीचे चार उपटून टेबलावर आडवे घातले आणि मीटर लावला.

“चारशे वीस!” साहेबांच्या भुवया वर गेल्या. “पुस्तिकेत अडीचशे लिहिलंय. याचा पुरवठाच बिघडलाय. मुलांच्या कानाशी चारशे वीस व्होल्ट? बंद करा हे.”

“साहेब,” मी मागून म्हटलं, “व्हॉल्व्ह परत लावा आणि मग मोजा.”

त्यांनी वळून पाहिलं. “आपण?”

“तिसऱ्या बाकाची आई.”

“आणि करता काय?”

“ट्रान्सफॉर्मर गुंडाळते. नऊ वर्षं झाली.”

“गुंडाळता.” ते अध्यक्षांकडे बघून हसले. “लोकरीसारखे?”

“लोकर चुकली तर उसवता येते. तुमचं मोजणं चुकलं तर ही मुलं घराबाहेर जातात.”

अध्यक्षांनी घसा खाकरला. मोठ्या बाईंनी माझ्याकडे डोळे मोठे केले, पण त्या डोळ्यांत ‘गप्प बस’ असं नव्हतं, ‘नीट बोल’ असं होतं. मी नीट बोलायचा प्रयत्न केला.

“रिकामी हातगाडी उतारावर सोडली तर पळणारच. तिच्यावर ओझं टाका, मग वेग बघा. व्हॉल्व्ह म्हणजे ओझं. ते तुम्ही काढून ठेवलंत, म्हणून चारशे वीस दिसतात. आणि ते कानापर्यंत जातही नाहीत, मध्ये वेगळा ट्रान्सफॉर्मर आहे. तो बघा, तो काळा.”

“बाई, मला हे शिकवू नका,” साहेब म्हणाले, आणि लिहायला बसले.

लिहिलेला कागद मोठ्या बाईंनी मला नंतर दाखवला. ‘यंत्र वापरास अयोग्य. व्हॉल्व्ह दर दोन महिन्यांनी निकामी होतात, त्याचे कारण मुलांचा धसमुसळा वापर.’ ज्या व्हॉल्व्हला एकाही मुलाने कधी बोट लावलेलं नाही, तो मुलांनी बिघडवला! मुलांना उलट बोलता येत नाही, म्हणून काहीही त्यांच्या नावावर खपवायचं. मी पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली आहेत. कारण सापडलं नाही की ती असा माणूस शोधतात, ज्याच्या तोंडात शब्द नाहीत.

कागदाचा परिणाम सरळ होता. यंत्र नाही तर वर्ग नाही. सत्र संपलं की बाराही मुलांची ‘सोय’ आठ तासांच्या प्रवासावरच्या निवासी शाळेत. सोय म्हणे! माझी मुलगी अंधारात हाक मारली तर ऐकू शकत नाही, तिला झोपेतून उठवायचं तर पायाला हात लावून उठवावं लागतं, कपाळाला लावला तर ती दचकून रडते. हे त्या चाळीस खाटांच्या खोलीत कोण लक्षात ठेवणार होतं?

मोठ्या बाई अध्यक्षांसमोर उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. “आठ दिवस द्या. फेरतपासणी होऊ द्या. तेव्हाही अयोग्य निघालं तर मी स्वतः मुलांना पोचवायला जाईन.”

“दिले,” अध्यक्ष म्हणाले. “पण तोवर खोक्याला कुणी हात लावायचा नाही.” व्हॉल्व्ह परत बसवले गेले, झाकण लागलं, झाकणावर कागदाची पट्टी चिकटली, पट्टीवर सही झाली.

ते गेल्यावर मोठ्या बाई माझ्या शेजारी मुलांच्या बाकावर बसल्या. गुडघे मावत नव्हते त्यांचे. “आता खरं सांग. साहेब चुकलेत हे कळलं मला. पण व्हॉल्व्ह दर दोन महिन्यांनी जातात, हे खोटं नाही. ते का?”

मला उत्तर माहीत नव्हतं. ‘माहीत नाही’ म्हणायची मला लाज वाटत नाही, पण त्या दिवशी वाटली.

मग मी खोक्याच्या मागे गुडघ्यावर बसले. जाळीच्या भोकांतून आतले व्हॉल्व्ह दिसतात. मोठ्या बाईंना भिंतीवरचं बटण दाबायला सांगितलं. दीड वर्ष मी माझ्या पाळीला मागे बसून त्यांचा उजेड बघत होते आणि मला तो छान वाटायचा. त्या दिवशी पहिल्यांदा बघावं तसा बघितला. हीटरची, म्हणजे व्हॉल्व्हच्या आत तापणारी, तार राखेतल्या निखाऱ्यासारखी तांबूस दिसली पाहिजे. ही पिवळी होती. झगझगीत पिवळी.

व्हॉल्व्हला तीन प्रकारचं व्होल्टेज लागतं. हीटरला सहा पॉइंट तीन, आत धग निर्माण करायला. बाहेरच्या पत्र्याला, म्हणजे प्लेटला, अडीचशे, त्या धगीतून सुटलेला प्रवाह ओढून घ्यायला. आणि या दोघांमधल्या बारीक जाळीला उणे साडेसात, त्या प्रवाहाला लगाम घालायला. मोठा आकडा दिसला की सगळे तिकडे धावतात. अडीचशे जास्त झाले की माणूस घाबरतो. सहा पॉइंट तीनकडे कोण बघतंय? पण व्हॉल्व्ह किती दिवस जगणार हे तिथे ठरतं. धग वाढली की तो जोरात काम करतो, सगळ्यांना बरं वाटतं, आणि दोन वर्षं चालणारा दोन महिन्यांत संपतो. आमच्या दुकानातही अशी माणसं होऊन गेली आहेत.

खोक्याच्या मागे पत्र्याची पाटी होती. तिच्यावर कोरलेलं: २०० व्होल्ट. मी माझा मीटर भिंतीच्या सॉकेटला लावला. दोनशे बेचाळीस.

“बाई, हा खोका शाळेत कधी आला?”

“मी शिकवायला लागायच्या आधी. का?”

“तेव्हा भिंतीत दोनशे येत असतील. पुढे वीजवाल्यांनी दाब वाढवला. सगळ्यांचे दिवे उजळले, सगळे खूश झाले. याला कुणी सांगितलंच नाही.” मी जमिनीवर खडूने हिशोब मांडला. दोनशेला सहा पॉइंट तीन, तर दोनशे बेचाळीसला किती? सात पॉइंट सहा. “भाजतोय आपण त्यांना. रोज.”

“मग आतला ट्रान्सफॉर्मर बदल.”

“हात लावायचा नाही म्हणालेत.”

मोठ्या बाईंनी सहीच्या पट्टीकडे पाहिलं, मग सॉकेटकडे. “खोक्याला म्हणालेत,” त्या म्हणाल्या. “भिंतीला नाही.”

संध्याकाळी घरी सांगितलं तेव्हा भिंगरीचे बाबा ट्रकवरून नुकतेच आले होते, पाय पसरून बसले होते. “साहेब त्यांचे, खोका त्यांचा, अध्यक्ष त्यांचे. तू कशाला मध्ये पडतेस? उद्या तुझ्या हातून काही जळलं तर म्हणतील हिनेच बिघडवलं.”

“आणि नाही पडले तर?”

त्यांनी भिंगरीकडे पाहिलं. ती त्यांच्या बुटाची नाडी सोडून आपल्या पायाला बांधत होती. “जळू देऊ नको म्हणजे झालं,” ते म्हणाले. त्यांच्याकडून एवढा आशीर्वाद पुष्कळ.

आमच्या वाइंडिंगच्या दुकानाचे मालक म्हणजे काका. सगळ्यांचेच काका, माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठे आणि कानाने भिंगरीच्या खालोखाल. त्यांना ओरडून सांगितलं, “चाळीस व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर करायचाय. भिंतीतले चाळीस वजा करायचेत.”

“वजा?” काकांनी चष्मा कपाळावर नेला. “जन्मभर लोक माझ्याकडे कमी पडतंय म्हणून आले. जास्त होतंय म्हणून येणारी तू पहिली.”

“जास्त झाल्याचं कुणाला कळतच नाही ना, काका.”

“हे मात्र खरं बोललीस. माझ्या जावयाला सांग.” मग ते फळीवर शोधायला लागले. एक बॉबिन काढली, धूळ फुंकली. “ही घे. बाराशे वेढे, दोनशे चाळीसची. मीच गुंडाळलेली. गिऱ्हाईक फिरकलंच नाही. वर तुझे चाळीसचे वेढे टाक. आणि शाळेचं काम आहे, तार मोजून मागू नको.”

व्होल्टला पाच वेढे. चाळीसला दोनशे, आणि ओझ्याखाली थोडं गळतं म्हणून आठ वर. मी मशीनवर बसले. मी डावखुरी. मशीनचं हँडल उजव्यांसाठी केलेलं, म्हणून मी पहिल्या दिवसापासून मशीनच्या पलीकडच्या बाजूला बसते. काकांनी तेव्हा खूप चिडवलं होतं, पण आठवड्याभरात माझे वेढे बघून गप्प झाले. कागद, वेढे, परत कागद. लोखंडी पट्ट्या ठोकून बसवल्या, वॉर्निश दिलं, वाळवलं, लाकडी डब्यात घातलं. पाचव्या दिवशी डबा घेऊन शाळेत गेले.

आमच्या कामात एक सवय असते. नवीन काही जोडलं की त्याच्यापुढे आधी साधा बल्ब लावायचा. जळायचं असेल तर बल्ब जळू दे. मोठ्या बाईंना वाटलं मी उगाच वेळ काढतेय. त्यांना वर्गात खोका सुरू झालेला बघायचा होता, मुलं दाराशी घोळक्याने उभी होती. मी म्हटलं, “आधी बल्ब.” चाळीस वजा व्हावेत म्हणून दोन्ही गुंडाळ्यांची सुरुवातीची टोकं नेहमीसारखी जुळवली, भिंतीत पिन घातली, बटण दाबलं.

बल्ब मंद व्हायला हवा होता. तो पांढराफटक पेटला, डोळे दिपले, आणि फट्‌ करून गेला. मुलं उड्या मारायला लागली. त्यांना वाटलं हाच कार्यक्रम आहे.

“बंद कर!” मोठ्या बाई ओरडल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा चढलेला आवाज ऐकला. “खोका जोडला असता तर?”

“जोडला नाही ना, बाई.”

“जोडायला निघाले होते सगळे. मीसुद्धा.” त्या भिंतीला टेकल्या. “तीन दिवस राहिलेत. राहू दे आता. मी साहेबांना पत्र लिहिते, विनंती करते.”

विनंती! मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी मीटर लावला. दोनशे ब्याऐंशी. म्हणजे माझे चाळीस वजा होण्याऐवजी मिळवले गेले होते. माझा ट्रान्सफॉर्मर चुकला नव्हता. दिशा चुकली होती. कशी चुकली? नऊ वर्षांत कधी चुकली नव्हती.

मी डबा उघडला. खाली काकांचे वेढे, वर माझे. आणि मग दिसलं. मी पलीकडून बसते, म्हणून माझे वेढे उलटे पडतात. एरवी खालचेही माझे, वरचेही माझे. दोन्ही उलटे म्हणजे सुलटच. नऊ वर्षांत कुणाच्याच लक्षात यायचं कारण नव्हतं, माझ्याही नाही. पहिल्यांदाच मी दुसऱ्याच्या वेढ्यांवर माझे वेढे चढवले होते.

मी मोठ्या बाईंना बोलावून दाखवलं. पेन्सिलीला दोरा एका बाजूने गुंडाळला, वरून दुसऱ्या बाजूने. “दोन तारांची जागा बदलायची. एवढंच. पण तुमचा विश्वास उडाला असेल तर मी हात लावत नाही.”

त्यांनी पेन्सिल फिरवून दोन्ही दोरे बघितले. “चूक झाली हे तू लपवलं नाहीस,” त्या म्हणाल्या. “साहेबांनी तेवढंही केलं नाही. बदल. दुसरा बल्ब आहे?”

“चार आणलेत.”

“म्हणजे तुझाही स्वतःवर विश्वास नव्हताच.”

“मी गुंडाळणारी आहे, बाई. देव नाही.”

तारा बदलल्या. दुसरा बल्ब लावला. बटण मोठ्या बाईंनी दाबलं. बल्ब शांतपणे, किंचित तांबूस पेटला. मीटरवर दोनशे दोन. मग खोका जोडला. मी जाळीतून पाहिलं. आतले पाचही व्हॉल्व्ह निखाऱ्यासारखे, दमून घरी आलेल्या माणसांसारखे शांत दिसत होते.

फेरतपासणीला साहेब आणि अध्यक्ष दोघेही आले. साहेबांनी पट्टी फाडली, झाकण काढलं आणि त्यांचा हात सवयीने पहिल्या व्हॉल्व्हकडे गेला.

“राहू द्या जागेवर,” मी म्हटलं.

“बाई, पद्धत असते.”

“असते ना. ओझ्यासकट मोजायची. आणि पाच मिनिटं तापू द्यायचं. आणि आधी हीटर.”

अध्यक्ष म्हणाले, “घ्या हो मोजून, साहेब. नाहीतर इथेच जेवायची वेळ होईल.”

पाच मिनिटं खोका तापू दिला. मग साहेबांनी हीटर मोजला. सहा पॉइंट चार. प्लेट मोजली. दोनशे चौपन्न. जाळी, उणे साडेसात. त्यांनी पुस्तिका उघडली, परत मोजलं, परत पुस्तिका बघितली. नंतर त्यांनी जे केलं त्याबद्दल मी त्यांना अर्धा गुन्हा माफ केला. त्यांनी न सांगता माझा डबा काढून खोका सरळ भिंतीत लावला आणि थांबले. मीटर सात पॉइंट सहावर गेला. त्यांनी लगेच बटण बंद केलं, जणू त्यांनाच चटका बसला होता.

“इतकी वर्षं,” ते हळू म्हणाले.

“लिहा,” मी म्हटलं. “आणि आधी मुलांचं ते वाक्य खोडा.”

“नवीन अहवालात ते वाक्य येणारच नाही.”

“नवीन नंतर. जुन्या कागदावर ते आहे. तिथे खोडा. माझ्यासमोर.”

अध्यक्ष काहीतरी म्हणणार होते, मोठ्या बाईंनी जुना कागद टेबलावर ठेवला आणि पेनही ठेवलं. साहेबांनी ‘मुलांचा धसमुसळा वापर’वर आडवी रेघ मारली. शेजारी लिहिलं, ‘पुरवठ्याचे व्होल्टेज जास्त.’ सही केली. मग नवा कागद घेऊन लिहिलं, ‘यंत्र वापरास योग्य. वर्ग सुरू ठेवावा.’ ती शाई वाळेपर्यंत मी टेबलाजवळून हलले नाही.

वर्ग भरला. मुलं धावत आत आली, भिंगरी सगळ्यांच्या पुढे. तिने हेडफोन उलटा घातला, मग सुलटा, मग बटण पूर्ण फिरवलं आणि तोंड वाकडं केलं. “नको,” ती मोठ्याने म्हणाली आणि आवाज कमी केला.

मी दाराशी गाद्या पुसायचं फडकं घडी करत होते. माझी पाळीही नव्हती. साहेब शेजारी येऊन उभे राहिले. चेहरा उतरलेला.

“एक विचारायचं होतं,” ते म्हणाले. “या वर्षी मी अजून दोन शाळांतले खोके बंद केलेत. याच बनावटीचे, याच कारणाने. तिथेही मी...”

“व्हॉल्व्ह काढून मोजलं.”

“हो.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. दोन शाळा. किती मुलं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. चार तरी शिव्या तोंडाशी आल्या. पण हा माणूस ते सांगायला स्वतःहून आला होता. त्याने गप्प बसायचं ठरवलं असतं तर मला कधीच कळलं नसतं.

“मुलं गेली का तिथून?”

“एका शाळेतली नाही. दुसऱ्या शाळेतली गेली. पण परत बोलावता येतील. मी लिहिलं तर.” त्यांनी पेन खिशातून काढून परत ठेवलं. “तुम्ही याल?”

“दुकानातून सुट्टी घ्यावी लागेल. आणि प्रत्येक शाळेच्या भिंतीत किती येतं ते वेगळं असेल, प्रत्येकासाठी वेगळे वेढे. काका कुरकुरतील.”

“मी बोलतो त्यांच्याशी.”

“ओरडून बोला. कमी ऐकू येतं त्यांना.”

मी आत जाऊन भिंगरीला सांगावं म्हणून वळले. मोठ्या बाई माइकमध्ये एक एक शब्द सावकाश म्हणत होत्या आणि भिंगरी ओठ हलवत त्यांच्यामागे जात होती. मी हात हलवला. तिने पाहिलं नाही. मी परत हात हलवला नाही.

मीटर पिशवीत घातला, उरलेले तीन बल्ब फडक्यात गुंडाळले.

“चला,” मी साहेबांना म्हटलं. “आणि तिथे गेल्यावर व्हॉल्व्ह काढायचे नाहीत हं.”

“नाही काढत,” ते म्हणाले, आणि माझी पिशवी उचलायला पुढे झाले. मी दिली नाही. मीटर माझा आहे.